कंपनीचे रॉकर

"तुटलाय तो हा," ती म्हणाली आणि चिमट्याने उचललेला तुकडा तिने कापडावर ठेवला. "बाकीचे सात दिसायला धड आहेत. पण एकानं मान टाकली की उरलेल्यांवर माझा भरवसा नसतो."

नकाशा बॉनेटखाली वाकून बघत होता. इस्त्रीच्या शर्टाला काळं लागू नये म्हणून त्याने पोट आत ओढून धरलं होतं. नकाशा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तिचा नवरा डोंगरातल्या शर्यतींत उतरायचा, तेव्हा हा शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा पसरून बसायचा आणि पुढची वळणं ओरडून सांगायचा. नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याला सगळे सुसाट म्हणत. आणि सुसाटची बायको म्हणून ती सगळ्यांची वहिनी.

"म्हणून तर आणलेत," नकाशा म्हणाला. त्याने टेबलावरच्या खोक्याचं झाकण काढलं. आत फोममध्ये आठ नवे रॉकर आर्म रुतवलेले होते, चांदीच्या चमच्यांसारखे. "रेसचे आहेत. त्याच्या जुन्यांपेक्षा भारी. आणि पैशाबिशाचं काही काढू नका हं, वहिनी. माझ्याकडून समजा."

तिने एक उचलून तळहातावर जोखला. बोटभर लांबीचा तुकडा, टोकाला इवलंसं चाक. इंजिनाच्या माथ्यावर असे आठ एका दांडीवर ओळीने बसतात. खालून एक टोक वर ढकललं जातं, दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतं, मुलांच्या बागेतल्या सी-सॉसारखं. इंजिनाचा श्वास यांच्यावर चालतो. दिसायला मात्र काहीच नाही. गिऱ्हाइकाला दाखवला तर तो विचारतो, एवढ्याशासाठी गाडी बंद पडली होय?

"चांगले आहेत," ती म्हणाली आणि तो परत फोममध्ये ठेवला.

"बसवा मग. त्याची गाडी त्याचीच राहील."

"गाडी सिस्टर घेणार आहे. ठरलंय."

नकाशा ताठ उभा राहिला. पोट सुटलं, शर्टाला काळं लागलं, पण त्याचं लक्ष गेलं नाही. "कोण सिस्टर?"

"ह्यांच्या जखमा बांधायला येते ती."

"वहिनी, ही गाडी म्हणजे काय बाजारहाट करायची गाडी आहे का?"

"तीच करणार आहे मी तिची," ती म्हणाली. "कंपनीचे रॉकर घालून."

आतल्या खोलीतून, पत्र्याच्या भिंतीपलीकडून, घसा खाकरल्याचा आवाज आला. 

लग्न होऊन ती या गॅरेजमागच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिला पान्याचे नंबरही माहीत नव्हते. नवरा दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ स्वतःच्या गाडीला द्यायचा. ती जेवणाचं ताट घेऊन शेडमध्ये जायची, कारण तो घरात यायचाच नाही. ताट खाली ठेवायला जागा नसायची, म्हणून हातात धरून उभी राहायची, आणि उभी आहेच तर बघायची. असं बघून बघून शिकली. पुढे तो हात पुढे करायचा आणि ती न विचारता बरोबर पाना द्यायची. लग्नातला सगळ्यात चांगला काळ कोणता, असं कुणी विचारलं असतं तर तिने हाच सांगितला असता. पण असलं कुणी विचारत नाही.

गाडीत मात्र तो तिला एकदाच घेऊन बसला. डोंगराच्या रस्त्यावर तिसऱ्या की चौथ्या वळणाला ती ओकली. तो पोट धरधरून हसला. नंतर सगळ्या मित्रांना सांगत सुटला.

त्याची सगळी हौस रेसच्या सामानाची. कंपनीचे रॉकर काढून त्याने ॲल्युमिनियमचे घातले. त्यांच्यासोबत जाड स्प्रिंगा आल्या, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम आला. एक बदललं की शेजारचं बदलावं लागतं, असं करत करत अख्खं इंजिन बदललं. गाडी पळायची खरी. पण तिला सतत कुणीतरी लागायचं. दर थोड्या दिवसांनी टॅपेट सेट करा, थंडीत चालू करायची तर मनधरणी करा, आणि उभ्या जागी असा आवाज, की जणू कुणी दात खात बोलतंय. तो आवाज गल्लीच्या टोकाला आला की तिला भात लावायला वेळ मिळायचा.

तिचं मत वेगळं होतं, पण तो धडधाकट असताना तिचं मत विचारायची पद्धत नव्हती. पहिला झटका आला, त्याची उजवी बाजू गेली, आणि गॅरेज तिच्यावर आलं, तेव्हा तिने ते गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. कॉलेजची पोरं यायची, सुसाटसारखी गाडी करून द्या म्हणायची. ती सांगायची, "शर्यतीत गाडी तासभर पळवून मग अख्खा आठवडा खोलून ठेवतात. तुम्हाला रोज पळवायचीय. कंपनीनं दिलंय ते राहू द्या." काही पोरं नाराज होऊन दुसरीकडे गेली. काही राहिली.

झटक्याने त्याची वाचा गेली होती. उरला एकच शब्द, "बरं". हो म्हणायला बरं, नको म्हणायला बरं, लघवीला लागली तरी बरं. ती सुरावरून ओळखायची. शिव्या मात्र शाबूत होत्या. राग आला की एकदम स्पष्ट, शुद्ध, पूर्वीच्याच आवाजात शिवी यायची, आणि नंतर स्वतःच चकित होऊन तो तिच्याकडे बघायचा. पहिल्यांदा दोघंही हसली होती.

त्या काळात तो काठी टेकत शेडपर्यंत जायचा, गाडीत नुसता बसायचा. तिने किल्ली काढून घेतली नव्हती. माणसाकडून किती गोष्टी काढून घ्यायच्या, असं तिला वाटायचं.

मग एका दुपारी ती एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवून चालत परत येत होती. कोपऱ्यावरच तिला किंकाळी ऐकू आली. माणसाची नाही, इंजिनाची. गिअर न टाकता कुणी पाय पूर्ण दाबून धरला, की इंजिन असं ओरडतं. ती धावली. शेडचं दार आतून लावलेलं होतं. खांद्याने ढकलून ते उघडलं, तर आत निळसर धूर आणि गाडीत तो. त्याचा उजवा पाय, तो मेलेला पाय, ॲक्सिलरेटरवर पडला होता. ती खिडकीतून आत वाकली तेवढ्यात बॉनेटखाली काहीतरी काडकन मोडलं. तिने किल्ली फिरवली.

पाय उचलता आला नसेल, हे तिला पटत होतं. पण किल्लीपर्यंत डावा हात पोचला असता. आणि दाराला कडी का होती? तिने त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर "बरं" हेच आलं असतं.

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हापासून तो मागच्या खोलीत होता. खोलीला एकच उंच खिडकी, तिच्यातून आभाळाचा तुकडा दिसायचा. गॅरेज दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. आवारात कुठली गाडी आली हे तो ओळखायचा आणि डाव्या हाताने खुणा करायचा. दूधवाल्याच्या टेम्पोला धार काढल्याची खूण, मास्तरांच्या जुन्या गाडीला छडीची. चुकत नसे.

आणि रोज संध्याकाळी ती हात धुऊन आत आली की तो भिंतीकडे, शेडच्या दिशेने डोळे वळवायचा. "बरं?"

"करते," ती म्हणायची. "सवड मिळाली की तुमचीच करायला घेते."

सिस्टर दर आठवड्याला यायची. पाठीवरच्या जखमा धुवायची, पट्टी बदलायची. वय असेल पंचविशीचं, बोलणं कमी, हात गरम. लांबच्या वस्त्यांवर एकेका घरी पडून असलेली माणसं तिच्या वाट्याला आलेली होती. पावसाळ्यात खडीवर तिची स्कूटर घसरली आणि कोपर मोडलं. प्लास्टर निघाल्यावर ती आली, तेव्हा हात धुताना म्हणाली, "काकू, ती मागची गाडी विकणार का?"

"ती रेसची आहे गं."

"मला रेस नको. पहाटे चालू व्हायला हवी आणि वाटेत बंद पडायला नको. तिकडे बंद पडली तर चालत जाऊन माणूस भेटेपर्यंत संध्याकाळ होते."

तिने सिस्टरला टॉवेल दिला. मग म्हणाली, "तशी करता येईल."

आता नकाशा तिच्यासमोर उभा होता आणि त्याचा आवाज खाली आला होता.

"तिला दुसरी गाडी बघून देतो मी. चांगली. ही मला द्या. मी तिच्यात काही बदलणार नाही. हे आठ बसवा, चालू करा, आणि त्याला एकदा ऐकू द्या. एवढंच मागतोय."

"ऐकू देऊ? मागच्या वेळी ऐकली तेव्हा काय झालं, माहिती आहे ना? डॉक्टर म्हणालेत, काही म्हणजे काही धक्का बसता कामा नये. आनंदाचासुद्धा."

"आणि जपून काय करायचंय, वहिनी?" नकाशा म्हणाला. "असा पडलाय तो. सुसाट. सगळं दुसऱ्याच्या हातानं. त्यापेक्षा ती गाडी ऐकता ऐकता गेला तर गेला. मला विचाराल तर, मरू दे त्याला तसा."

ती शांतपणे चिंधीने बोटं पुसत राहिली. एकेक बोट.

"आत या," ती म्हणाली. "आणि त्यांच्या तोंडावर सांगा हे."

"मी... नाही हो. मला बघवत नाही."

"दुसऱ्या झटक्यानंतर एकदा तरी आत आलात का?"

नकाशाने नकारार्थी मान हलवली.

"मी दिवसातून चारदा त्यांची कूस बदलते. तुम्हाला बघवत नाही, म्हणून त्यांनी मरायचं?"

"तुम्हाला ती गाडी कधीच आवडली नाही," नकाशा एकदम म्हणाला. "सगळ्यांना माहितीये. आता हातात आलीय तर तिचं टमरेल करून टाका."

बोलल्यावर त्याला स्वतःलाच लाज वाटली असावी. कारण तो वळला आणि, तिने काही म्हणायच्या आत, मागच्या खोलीत गेला. ती जागेवरच उभी राहिली.  मग आतून नवऱ्याचा आवाज आला, स्पष्ट, खणखणीत, पूर्वीचा. एक लांबलचक शिवी. उशिरा येणाऱ्या जोडीदाराला घालतात तसली.

नकाशा बाहेर आला तेव्हा हसत होता आणि नाक ओढत होता. "ओळखलं त्यानं," तो म्हणाला. "ओळखलं मला."  खोका उचलून त्याने बगलेत धरला. जाताना म्हणाला, "काय करायचं ते तुमच्या मनानं करा. मला त्याच्या हातात काही द्यायचं होतं, एवढंच." त्यानंतरही तो येत राहिला, पण गाडीचा विषय त्याने काढला नाही.

नकाशाचं ते बोलणं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. खरंच, गाडी आवडत नव्हती म्हणून हे चाललंय का? स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ती उभी राहिली, तर दुकानदाराने दोनदा विचारलं.

"सुसाटच्या गाडीला? कंपनीचे?"

"हो."

"आणि स्प्रिंगा?"

"त्यापण कंपनीच्या. कॅमपण."

"म्हणजे काही ठेवतच नाही तुम्ही त्याचं."

"त्या जाड स्प्रिंगांखाली कंपनीचे रॉकर टिकायचे नाहीत," ती म्हणाली. "निम्मं त्यांचं आणि निम्मं कंपनीचं, असं इंजिन चालत नाही."  पोलादाचे आठ काळपट रॉकर, तेलकट कागदात गुंडाळून, दुकानदाराने तिच्यासमोर ठेवले. त्यांच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

तिने काम सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी करायचं ठरवलं. इंजिनाच्या माथ्याचं हेड उतरवलं. एकेक स्प्रिंग दाबून काढली. त्याने कधीकाळी हाताने घासून गुळगुळीत केलेली हवेची वाट तिच्या बोटांना लागली. ती धातूची भिंत काचेसारखी लागत होती. त्यासाठी तो कितीतरी रात्री घरात आला नव्हता. ती वाट तेवढी राहू दिली. त्या वाटेमुळे काही बिघडत नव्हतं.

जुना कॅम बाहेर आला तेव्हा तिने तो पुसून कापडात गुंडाळला.   भिंतीपलीकडे तो जागा होता, हे तिला कळत होतं. पाने वाजत होते, हेड टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला होता. हे आवाज काय आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

संध्याकाळी त्याने भिंतीकडे न बघता सरळ तिच्याकडे बघितलं. डोळे चमकत होते. "बरं," तो म्हणाला. हा सूर तिने वर्षभरात ऐकला नव्हता. चाललंय ना काम, असा तो सूर होता. तिने त्याच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली आणि म्हणाली, "हो. तुमचीच."

एवढ्या दिवसांत ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. आताही बोलली नव्हती. तरी तिला ते खोट्यासारखं लागलं.

टॅपेट तिने दोनदा तपासले. रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये पातळ पट्टी सरकवून बघायची. ती सहज जाता कामा नये आणि अडताही कामा नये. हे त्यानेच तिला शिकवलं होतं, तिच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून. मग तिने झाकण लावलं, तेल ओतलं, आणि गाडीत बसली. ड्रायव्हरच्या सीटवर ती पहिल्यांदाच बसत होती. सीट त्याच्या अंगाच्या मापाने खचलेली होती.

किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. एका फटक्यात, कुठलीही मनधरणी न करता. बारीक, एकसारखा आवाज. रस्त्यावरून दिवसभर जातात त्या शंभर गाड्यांसारखा. तिने पाय हळूहळू दाबला, सोडला. कुठे टकटक नाही, कुठे अडखळणं नाही. काम चांगलं झालं होतं. तिच्या हातून आजवर झालेल्या कामांत बहुधा सगळ्यात चांगलं. ती गाडी तशीच चालू ठेवून आत गेली.

तो भिंतीकडे कान लावून पडला होता. ती दारात उभी राहिली आणि थांबली. त्याने थोडा वेळ ऐकलं. मग डावा हात उचलून सपाट तळवा हवेत फिरवला. कुणाची तरी. साधी, नवी, ओळखीची नसलेली. अशा कुठल्याही गाडीला तो ही खूण करायचा. आणि तळवा खाली ठेवून त्याने तिच्याकडे बघितलं.

"बरं?"

आणि माझी? असं तो विचारत होता.

तिच्या तोंडात शब्द आले होते. हीच ती. मी केली. ऐका ना, किती छान झालीय. पण त्याच्या चेहऱ्यावर वाट बघण्याची जी उत्सुकता होती, तिच्याकडे बघून तिला ते बोलवेना. हे सांगितल्यावर त्याला वाट बघायला काय राहील?

"करते," ती म्हणाली. "अजून आहे थोडं."

त्याने समाधानाने डोळे मिटले. शेडमध्ये गाडी चालूच होती.

सिस्टर गाडी घेऊन गेली. थंडी पडली, रस्त्यांवर धुकं उतरायला लागलं, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. एका पहाटे लांबच्या वस्तीवर एका बाईची प्रसूती अडली, तिला सिस्टरने मागच्या सीटवर घालून वेळेत दवाखान्यात पोचवलं. मूल वाचलं नाही, बाई वाचली. सिस्टरने हे पट्टी बदलता बदलता सांगितलं, आणि गाडीचं नाव निघालं तशी दोघींनी एकमेकींकडे बघून बोलणं थांबवलं.

नवरा त्यांचं ऐकत होता की नाही, कोण जाणे. तो आता बराच वेळ झोपलेला असे. खुणा करणंही कमी झालं होतं. मात्र त्या दिवशी सिस्टरची गाडी आवारात शिरली, तेव्हा त्याने डावा हात मोठ्या कष्टाने उजव्या मनगटावर नेऊन ठेवला होता, नाडी बघतात तसा. म्हणजे सिस्टर आली. आणि ओळखल्याच्या आनंदात त्याने बायकोकडे बघितलं होतं.

"बरोबर," ती म्हणाली होती. "सिस्टरच आहे."

पट्टी झाली. सिस्टरने हातमोजे काढले आणि नेहमीसारखी पायाशी जाऊन उभी राहिली. आता त्याला भिंतीच्या कुशीवर वळवायचं होतं. तिने खांदे धरले, सिस्टरने कंबर. उचलताना दोघींनाही जाणवलं की तो फार हलका झालाय. 

"थांब जरा," ती म्हणाली.

"काय झालं, काकू?"

"तू निघेपर्यंत दाराकडेच राहू दे. गाडी ऐकू दे त्यांना."

त्यांनी त्याला परत तसंच ठेवलं. तिने त्याच्या पाठीमागे उशी सारली आणि पांघरुणाची कड त्याच्या कानावरून खाली केली.